गजगामिनीचा केसपेपर

आमच्या पिकअपला नाव ह्यांनी ठेवलं. हे शाळेत भाषा शिकवतात, त्यामुळे घरातल्या कुठल्याच वस्तूला साधं नाव म्हणून नाही. गाडी घेतली तेव्हाच ती बारा वर्षं वापरलेली होती आणि चढावर दुसऱ्या गिअरमध्ये डुलत डुलत चालायची. म्हणून ती 'गजगामिनी'. आता माझी गिऱ्हाइकंसुद्धा फोनवर "ताई, गजगामिनी कधी पाठवताय?" असंच विचारतात.

डिझेलची गाडी. मागे उघडा हौदा, पुढे दोघांना ऐसपैस आणि तिघांना पोट आत ओढून बसता येईल एवढी जागा. माझी रोपांची नर्सरी आहे आणि ती सगळी या गाडीच्या पाठीवर उभी आहे. माती, खत, कुंड्या, झाडं, सगळं तीच वाहते. त्यामुळे तिचं ऑइल बदलणं, पट्टा ताणणं, फिल्टर झटकणं एवढं मी घरच्या घरी, नर्सरीमागच्या पत्र्याच्या शेडमध्ये करायला शिकले होते. ह्यांचा या कामात काडीचा उपयोग नाही. ह्यांनी स्क्रूड्रायव्हर हातात घेतला की मी आधी मलमपट्टीचा डबा शोधते.

तर झालं असं. गावाबाहेरच्या टेकडीवर नवी शाळा बांधली होती. इमारत देखणी, पण मैदान उघडंबोडकं. तिथं लावायच्या तीनशे झाडांची ऑर्डर मला मिळाली, तीही नदीपलीकडच्या त्या मोठ्या नर्सरीच्या नाकावर टिच्चून. पुढच्या रविवारी सकाळी नऊ वाजता झाडं वर पोचली पाहिजेत, मुलं आणि त्यांचे आईबाप मिळून ती लावणार, असं ठरलं होतं. त्याच्या दहा दिवस आधी मी नमुन्याची वीस झाडं घेऊन वर निघाले आणि दुसऱ्याच वळणावर गजगामिनीनं मान टाकली. आधी पांढरा धूर, मग दम्याच्या माणसासारखी धाप, मग काहीच नाही. ब्रेक दाबत दाबत, उलटी उतरत, मी कशीबशी पायथ्याच्या गॅरेजपर्यंत आले. तोंडचं पाणी पळालं होतं.

गॅरेजवाला नावाजलेला माणूस. अंगानं आडवा, आणि बोलणं असं की समोरच्याला दुसरं मत असू शकतं हेच त्याला मान्य नाही. त्यानं मला सेल्फ मारायला लावलं, कान तिरका करून दोन क्षण ऐकलं आणि हात झटकले.

"गेलं."

"काय गेलं?"

"इंजिन, ताई. कॉम्प्रेशन राहिलं नाही. अख्खं उघडायचं, नवे पिस्टन, नवे लायनर, सगळं. महिना धरून चाला. आणि एवढ्या जुन्या गाडीत एवढं ओतायचं का, ते तुमचं तुम्ही बघा." मग वर म्हणाला, "नको असेल तर मी घेतो. भंगाराच्या भावानं."

दुसऱ्या कुणाच्या गाडीला दोरानं बांधून मी गजगामिनीला घरी आणलं. हे शाळेतून आले, तिच्याभोवती एक चक्कर मारली आणि जड आवाजात म्हणाले, "वियोगाची घटिका समीप आली म्हणायची."

"भाड्याची गाडी बघा आधी," मी म्हणाले.

त्या दिवशी मी सात ठिकाणी फोन केले. टेकडीचा रस्ता अरुंद, वळणं कोयत्यासारखी. मोठा ट्रक वळत नाही आणि छोट्या गाडीवाल्यांना रविवारी सुट्टी हवी. सगळीकडून नकार. मी कपाळाला हात लावून शेडच्या पायरीवर बसले होते, तेव्हा मागून आवाज आला.

"त्यानं तपासलं काय काय?"

या माझ्या नणंदबाई. ह्यांच्याहून नऊ वर्षांनी मोठ्या. चौतीस वर्षं इस्पितळात नर्स होत्या, त्यातली शेवटची अठरा वर्षं ऑपरेशन थिएटरमध्ये. लग्न केलं नाही. निवृत्त झाल्यावर, म्हणजे चारच महिन्यांपूर्वी, दोन बॅगा आणि एक बीपीचं मशीन घेऊन त्या आमच्याकडे राहायला आल्या होत्या. मी त्यांना वन्सं म्हणते. वन्सं आल्या आणि माझ्या घराचा वॉर्ड झाला. पलंगावरची चादर अशी ताणून खोचलेली असायची की झोपताना पाय आत घालायला वाट शोधावी लागे. मी मातीनं भरलेले हात घेऊन दारात आले की आतून एकच शब्द यायचा, "हात?" मी काही बोलत नव्हते, पण जीभ चावून चावून लहान झाली होती.

"तपासलं म्हणजे... ऐकलं त्यानं," मी म्हणाले.

"ऐकलं? आणि?"

"आणि काय? इंजिन गेलं म्हणाला."

"अगं, पेशंटला हात न लावता ऑपरेशन सांगितलं? आणि वर पेशंट मीच विकत घेतो म्हणाला?" वन्संच्या कपाळावर आठी आली. ती आठी बघून इस्पितळातले डॉक्टर चळाचळा कापत असणार, याची मला त्या क्षणी खात्री पटली. "वही आण."

मी वही आणली. त्यांनी पहिल्या पानावर सुवाच्य अक्षरात लिहिलं: पेशंट, पिकअप. वय, बावीस. मग प्रश्न सुरू झाले. त्रास कधीपासून? सकाळी जास्त की दिवसा? विश्रांतीनंतर की चालल्यावर? धूर कोणत्या रंगाचा? पाणी किती लागतं, ऑइल किती पितं?

आणि मजा म्हणजे, उत्तरं देता देता माझ्याच लक्षात यायला लागलं. सकाळी गाडी लवकर चालू होत नव्हती हे तर महिनाभर चाललं होतं. एकदा चालू झाली की सपाट रस्त्यावर बरी चालायची. चढ आला की धाप. टाकी भरलेली असली की त्रास कमी, अर्ध्याच्या खाली गेली की जास्त. ऑइल मात्र ती अजिबात जास्त पीत नव्हती.

"इंजिन झिजलंय तर ऑइल का पीत नाही?" वन्संनी विचारलं.

 हा प्रश्न मलाच सुचायला हवा होता.

दुसऱ्या दिवसापासून शेडमध्ये काम सुरू झालं. वन्संचे गुडघे दुखतात, त्यामुळे वाकणं, गाडीखाली सरपटणं माझ्याकडे. त्या स्टुलावर. शेजारी दुसऱ्या स्टुलावर स्टीलचा ट्रे, त्यावर स्वच्छ फडकं, आणि फडक्यावर सगळे पाने लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीनं मांडलेले. माझे पाने कायम एका पोत्यात असायचे आणि दहा नंबरचा शोधण्यात अर्धी सकाळ जायची. आता मी बॉनेटखाली डोकं घालून नुसता हात मागे करायचा, "बारा," म्हणायचं, की बारा नंबर तळहातावर टप्पकन बसायचा. कामाला एक लय आली. मी स्वतःला सर्जन समजायला लागले तर त्यात माझी चूक नाही.

पहिल्यांदा डिझेल फिल्टरच्या तळाचा बोल्ट सैल करून बाटलीत नमुना काढला. वन्संनी बाटली उजेडात धरली. खाली काळा गाळ, त्यावर बोटभर पाणी, त्याच्यावर डिझेल. "बाई गं," त्या म्हणाल्या, "हे पोटात घेऊन चालत होती बिचारी." फिल्टर नवा घातला. मग चार हीटर प्लग. थंड इंजिनाला सकाळी ऊब देतात ते. बॅटरीला बारा व्होल्टचा बल्ब जोडून एकेका प्लगच्या टोकाला तार टेकवली. दोनांवर बल्ब लागला, दोनांवर नाही. दोन प्लग मेलेले होते. ते बदलले.

झाकण लावायच्या आधी वन्संनी हात वर केला. "मोजणी."

"कसली?"

"पोट शिवण्याआधी मोजायचं. किती आणलं, किती परत आलं." त्यांनी ट्रे मोजला. "पाने पूर्ण आहेत. फडकं एक कमी."

मी हसणार होते. पण फडकं खरंच नव्हतं. ते पंख्याच्या पट्ट्याशेजारी लोंबत होतं. गाडी चालू केली असती तर त्या पट्ट्यानं ते गिळून काय केलं असतं, ते सांगायला नको. मी निमूटपणे फडकं काढून ट्रेमध्ये ठेवलं.

सेल्फ मारला. गाडी तिसऱ्या प्रयत्नात चालू झाली. आम्ही दोघी लहान मुलींसारख्या टाळ्या पिटल्या. हे खिडकीतून "साधु, साधु!" ओरडले. आणि दहा मिनिटांनी, शेडमधून बाहेरही न पडता, गजगामिनी धापा टाकत बंद पडली.

पुन्हा चालू केली, पुन्हा बंद. तिसऱ्यांदा तर चालूही होईना. बुधवार होता. मधे तीनच दिवस उरलेले.

"फिल्टर नीट आवळला होतास ना?" वन्संनी विचारलं.

झालं. चार महिने चावलेली जीभ सुटली. "वन्सं, हे तुमचं थिएटर नाही! प्रत्येक गोष्टीत माझीच चूक शोधायची असेल तर तुम्हीच शिरा गाडीखाली. मी घरातसुद्धा नीट काही करत नाही, नाही का? चादर नाही, हात नाहीत!"

वन्संनी ट्रेवरचं फडकं चारी बाजूंनी सारखं केलं, उठल्या आणि आत गेल्या. स्टुलावरून उठताना त्यांनी गुडघ्यावर हात टेकला तेव्हा मला वाटलं, जमीन दुभंगून मला पोटात घेईल तर बरं. 

गुरुवारी आम्ही एकमेकींशी "चहा ठेवलाय" आणि "घेतला" यापलीकडे बोललो नाही. ह्यांनी मध्यस्थी करून बघितली. ती इतकी अलंकारिक होती की नक्की कुणाची बाजू घेताहेत हे दोघींनाही कळलं नाही. मी शाळेला फोन करून ऑर्डर सोडते म्हणून सांगायचं ठरवलं होतं. नंबर लावला, आणि वाजायच्या आत बंद केला.

शुक्रवारी सकाळी वन्संनी चप्पल घातली आणि न सांगता बाहेर गेल्या. तासाभरानं परत आल्या त्या थेट शेडमध्ये. मी तिथेच होते, उगाच पाने पुसत. त्यांच्या हातात पारदर्शक नळीचं वेटोळं होतं. बोटाएवढी जाड, काचेसारखी स्वच्छ.

"वॉर्डात पेशंटच्या घशातला कफ ओढायच्या मशीनला लावतात ती," त्या म्हणाल्या. "सर्जिकलच्या दुकानात मिळाली. सलाइनची आणणार होते, पण ती बारीक."

"कशाला?"

"तू सांगितलेलं सगळं पुन्हा वाचलं. टाकी भरली की बरं, रिकामी झाली की त्रास. विश्रांतीनंतर उठायला वेळ. चढावर धाप. अगं, हा रक्ताचा आजार नाही, नळीचा आहे. कुठून तरी हवा आत जातेय. सलाइन लावताना आम्ही सगळ्यात आधी काय बघायचो? नळीत बुडबुडा आहे का. आणि इथे सगळ्या नळ्या काळ्या. आत काय चाललंय, दिसणार कसं?"

मी हातातला पाना खाली ठेवला. मग म्हणाले, "वन्सं, परवा मी..."

"तू बोललीस ते बरं झालं." त्यांनी नळी सोडवायला घेतली. माझ्याकडे बघितलं नाही. "चौतीस वर्षं मला कुणी ना कुणी काही ना काही मागत होतं. सिस्टर हे द्या, सिस्टर ते द्या. इथे आल्यापासून मला कुणी काही मागितलं नाही. म्हणून चादरी खोचत बसले. परवा तू मागे न बघता हात पसरून 'बारा' म्हणालीस ना..." त्यांनी ट्रे पुढे ओढला. "चल, हात पसर. कितीचा पाना देऊ?"

मी हात पसरला. "चौदाचा," मी म्हणाले.

फिल्टर आणि इंजिनाला डिझेल देणाऱ्या पंपाच्या मधली काळी नळी काढून तिथे पारदर्शक नळी लावली. सेल्फ मारला. आणि आम्हाला दिसलं. मधाच्या रंगाचं डिझेल, आणि त्यातून मण्यांच्या माळेसारखे एकामागून एक जाणारे बुडबुडे.

"बघ!" वन्संनी माझा दंड एवढ्या जोरात धरला की बोटं उमटली.

मग माझं डोकं चालायला लागलं. नर्सरीत ठिबकची पाइप कुठे फुटली ते शोधायला मी काय करते? एकेक तुकडा बाजूला काढत जाते. एक स्वच्छ कॅन डिझेलनं भरला, उंच खोक्यावर ठेवला आणि टाकीला पूर्ण वगळून त्या कॅनमधूनच पंपाला डिझेल दिलं. उरलेलं डिझेल परत नेणारी नळीही कॅनमध्येच सोडली. फिल्टरवरचा छोटा हातपंप दाबून हवा काढली, चावी फिरवली.

पहिल्या फेरीत इंजिननं धरलं. धूर नाही, धाप नाही. दहा मिनिटं झाली, वीस झाली. मी पाय दाबून इंजिनाचा वेग वर नेला, खाली आणला. घड्याळासारखं चालत होतं. अख्खं उघडायचं म्हणे, नवे पिस्टन म्हणे! 

"पेशंटचं हृदय ठणठणीत आहे," वन्संनी वहीत लिहिलं आणि खाली दोन रेघा ओढल्या.

म्हणजे दोष टाकीपासून पुढे येणाऱ्या लांब लोखंडी पाइपमध्ये. ती गाडीच्या खालून, सांगाड्याला बिलगून जाते. मी पाठीवर पडून वीतवीतभर तपासली. पण कुठेच डिझेल गळत नव्हतं, सगळं कोरडं. बाहेरून डाग नाही तर भोक शोधायचं कसं? पंप डिझेल ओढतो, त्यामुळे तिथून डिझेल बाहेर न येता हवाच आत जाणार.

"उलटं करू," वन्सं म्हणाल्या. "आतून हवा भरू."

"कशानं?"

त्या घरात गेल्या आणि आपलं बीपीचं मशीन घेऊन आल्या. दंडाला बांधायचा पट्टा काढून टाकला, रबरी फुगा आणि काटा ठेवला. पाइपची दोन्ही टोकं सोडवून मी टाकीकडचं टोक बुचानं घट्ट बंद केलं, पुढच्या टोकाला वन्संनी मशीनची नळी जोडली. फुगा दाबायला लागल्या. काटा वर चढला, दीडशेवर थांबला आणि हळूहळू खाली सरकायला लागला.

"एकशे चाळीस... एकशे वीस... बीपी पडतंय गं! साबण लाव!"

मी गाडीखाली, हातात साबणाच्या फेसाची वाटी आणि जुना दाढीचा ब्रश. ह्यांचाच, त्यांना न विचारता घेतलेला. फेस लावत लावत मागून पुढे आले. काही नाही. अजून पुढे. काही नाही. मधल्या पकडीपाशी आले, जिथे पाइप एका लोखंडी पट्टीनं सांगाड्याला घट्ट धरलेली होती. तिथे फेस लावला आणि पट्टीच्या कडेतून एक बुडबुडा उगवला. फुगला. फुटला. मागोमाग दुसरा.

"सापडलं!" मी गाडीखालून अशी किंचाळले की सकाळची शाळा करून नुकतेच आलेले हे हातातल्या खडूसकट धावत आले. "वन्सं, सापडलं! पकडीखाली!"

पट्टी काढली. बावीस वर्षं त्या जागी पाइप घासत होती, गंजत होती. टाचणीच्या टोकाएवढं भोक. तेवढ्याशा भोकानं आमच्या सगळ्यांच्या नाकी नऊ आणले होते. मला त्या भोकाचा राग यायला हवा होता. पण मी त्याच्यावर प्रेमानं बोट फिरवलं.

दुपारी गंजलेला तुकडा करवतीनं कापून काढला, दोन्ही टोकं कानशीनं गुळगुळीत केली, डिझेलसाठीची जाड रबरी नळी आणून मधे बसवली आणि दोन्हीकडे दोन-दोन क्लिपा आवळल्या. वन्संनी पुन्हा फुगा दाबला. काटा दीडशेवर गेला आणि खिळल्यासारखा उभा राहिला. आम्ही तिघांनी श्वास रोखून पाच मिनिटं त्या काट्याकडे पाहिलं. ह्यांनासुद्धा काही उपमा सुचली नाही.

शनिवारी मी गाडी गावाभोवती चाळीस किलोमीटर फिरवली. टाकी मुद्दाम अर्ध्याच्या खाली ठेवून. एकदाही खोकली नाही.

रविवारी सकाळी सातला झाडं भरायला घेतली. तीनशे झाडं दोन फेऱ्यांत न्यायची होती. उंच झाडं वाऱ्यानं मोडू नयेत म्हणून ती धरायला हे हौद्यात उभे राहिले. दोन्ही हातांत खोडं, डोक्यावर पानं. पुढे मी आणि वन्सं. निघालो.

टेकडीच्या पायथ्याशी गॅरेज दिसलं. गॅरेजवाला दारातच चहा पीत उभा होता. मला तोंड भरून हसू आलं, मी हॉर्न वाजवून पुढे जाणार, तेवढ्यात वन्सं म्हणाल्या, "थांबव."

मी थांबवली.

"आता बंद कर."

"वन्सं! चढाच्या तोंडाशी? पूर्ण लोड आहे. नाही चालू झाली तर?"

"पेशंट चालतोय हे त्यानं बघितलं. आता बसून उठताना बघू दे."

मागून ह्यांचा आवाज आला, "का थांबलो? मला मुंग्या चावताहेत!"

मी चावी फिरवली. इंजिन शांत झालं. रस्त्यावर एकदम इतकी शांतता पसरली की गॅरेजवाल्याचा कप बशीवर टेकल्याचा आवाज ऐकू आला. तो सावकाश पुढे आला. त्याच्या चेहऱ्यावर दया होती, म्हणजे बंद पडली असं त्याला वाटलं होतं. "ताई, मी सांगितलं होतं ना..."

मी पुन्हा चावी फिरवली. अर्ध्या फेरीत इंजिननं धरलं. गर्जना म्हणावी असा आवाज नव्हे, तिचा तो आवाजच नाही. पण खणखणीत, एकसारखा. मागे धुराचा लवलेशही नाही.

 गॅरेजवाल्यानं कपबशी रस्त्याकडेच्या दगडावर ठेवली, बॉनेटवर तळहात टेकवला आणि डोळे मिटून ऐकलं. या वेळी बराच वेळ.

"कुणी उघडलं इंजिन?"

"कुणीच नाही," मी म्हणाले. "पाइपला टाचणीएवढं भोक होतं. पंप हवा घेत होता."

त्यानं माझ्याकडे, मग वन्संकडे बघितलं. मला वाटलं, आता काहीतरी वाकडं बोलणार. पण त्यानं टोपी काढून डोकं खाजवलं. "मी पाइप बघितलीच नाही," तो म्हणाला. "इतकी वर्षं झाली. आता नुसतं ऐकून सांगायची सवय लागली." मग वन्संना विचारलं, "भोक सापडलं कसं? हवा ओढणारं भोक आम्हालासुद्धा सापडत नाही लवकर."

"बीपीच्या मशीननं," वन्सं म्हणाल्या.

त्याला वाटलं चेष्टा करताहेत. तो हसला. वन्सं हसल्या नाहीत. मग त्याचंही हसू ओसरलं. "उद्या येऊन बघू का, कसं ते?" त्यानं विचारलं, अगदी साध्या आवाजात.

"ये. दहा वाजता," वन्सं म्हणाल्या, आणि मला खूण केली.

चढ सुरू झाला. पहिलं वळण. दुसरं वळण, जिथे तिनं मान टाकली होती, तिथे माझे हात स्टिअरिंगवर घट्ट झाले. तिनं ते वळण असं घेतलं जणू काही झालंच नव्हतं. तिसऱ्या वळणावर वन्संनी खिडकीची काच पूर्ण खाली केली, कोपर बाहेर काढलं आणि मोठ्यानं हसायला लागल्या. मी त्यांना इतक्या मोठ्यानं हसताना कधी ऐकलं नव्हतं. मलाही राहवेना. मागून ह्यांनी झाडांमधूनच काहीतरी वीररसातलं म्हणायला सुरुवात केली. शब्द वाऱ्यात उडून जात होते, पण सूर पोचत होता. सरळ चढ आला तसा मी तिसरा गिअर टाकला. आयुष्यात पहिल्यांदा गजगामिनी त्या चढावर तिसऱ्या गिअरमध्ये चालली.

आम्ही वर पोचलो तेव्हा नऊला दहा कमी होते. मैदानात मुलं रांगेनं उभी होती, खड्डे तयार होते. गाडी दिसताच असा कल्ला झाला की मला हॉर्न वाजवायची गरजच पडली नाही. हे पानांमधून बाहेर आले ते केसांत काटक्या, अंगावर मुंग्या आणि चेहऱ्यावर राजासारखा भाव घेऊन. मुख्याध्यापिकाबाईंनी झाडं मोजून घेतली. लगेच दुसऱ्या फेरीला मी खाली गेले आणि उरलेली दीडशे घेऊन आले. त्याही वेळी गाडी कुरकुरली नाही. मी परत आले तोवर ह्यांनी सगळ्या पालकांना आमच्या घरच्या ऑपरेशनची कथा तिखटमीठ लावून सांगून टाकली होती.

साडेदहाला अर्धी झाडं लागली आणि पाण्याची वेळ झाली. पाण्याचा टँकर मैदानाच्या कडेला उभा होता. त्याच्या ड्रायव्हरनं सेल्फ मारला, पुन्हा मारला, नुसती कटकट. तो खाली उतरला, लोकांमधून वाट काढत आमच्यापाशी आला आणि दोघींकडे आळीपाळीनं बघायला लागला.

"ते सर म्हणाले, तुमच्यात मेकॅनिक आहे. कोण तुमच्यापैकी?"

"मी," मी म्हणाले.

"मी," वन्सं म्हणाल्या.

दोघी एकाच वेळी. ड्रायव्हर गोंधळला. आम्ही त्याला तसाच गोंधळलेला ठेवून टँकरकडे चालू लागलो. वन्संचा गुडघा दुखत होता म्हणून त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. बॅटरीची तार सैल झाली होती, एवढंच. दोन मिनिटांचं काम. बाराच्या आत तीनशेच्या तीनशे झाडांना पाणी मिळालं.